सकारण भीती

टोपी चढवण्याआधी नर्सनं प्रांजलला अंबाडा सोडायला सांगितलं. केसांत अडकून राहिलेला आकडा प्रांजलनंच चाचपडून काढला आणि खुर्चीच्या हातावर ठेवला. टोपी सायकलवाल्यांच्या हेल्मेटसारखी दिसायची, पण आतून तिला बोटाच्या पेराएवढ्या काचेच्या कुप्या बसवलेल्या होत्या, कणसावरच्या दाण्यांसारख्या दाटीवाटीनं.

"घट्ट होतंय का, नर्स विचारतेय," कानातल्या स्पीकरमधून सामंतकाका म्हणाले.

"नाही."

"नाही काय नाही? इथून तुझ्या कपाळावरच्या आठ्या दिसतात गो. थांब, सैल करायला सांगतो."

लीलाधर सामंत मूळचे मालवणचे. सगळा जन्म बोटींच्या इंजिनरूममध्ये काढला आणि म्हातारपणी हाल्सविकला लेकीजवळ येऊन राहिले. उत्तरेकडच्या या थंड बंदरात मराठी बोलणारी माणसं अगदीच थोडी. त्यामुळे आश्रय खात्यात मराठीचं काम निघालं की दुभाषा म्हणून त्यांनाच बोलावणं यायचं. काचेच्या पलीकडे ते बसले होते, त्यांच्या शेजारी प्रांजलची तरुण वकील मारित, आणि पडद्यासमोर खात्याचे तपासनीस फॉस.

नर्सनं डोळ्यांवर चष्मा चढवला. क्षणभर अंधारलं, आणि मग प्रांजल तिच्या गावाच्या एसटी स्टँडवर उभी होती.

उपग्रहाची छायाचित्रं आणि प्रांजलनं दिलेले जुने फोटो जोडून यंत्रानं ते गाव उभं केलं होतं. रसवंतीच्या चाकाचे घुंगरूसुद्धा वाजत होते. फक्त माणसं नव्हती. चाचणीच्या या भागाला खात्यात 'परतीचा फेरा' म्हणत. खुर्चीत बसूनच, चष्म्यातल्या गावात स्टँडवरून निघायचं आणि आपल्या घराच्या दारापर्यंत चालत जायचं. वाटेत मेंदूत काय होतं ते टोपी टिपून घेते.

ती चालू लागली. सायकलच्या दुकानापाशी चौक आला. याच चौकात, भर बाजाराच्या दिवशी, तिच्या दादानं आणि चुलत्यानं सुमेधला गाठून ठार मारलं होतं. सुमेध तिचा नवरा. जातीबाहेरचा. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. प्रांजलचे हात खुर्चीवर आपोआप आवळले गेले. तरी ती पुढं गेली, गल्लीत वळली. निळं दार आलं. दाराआडून आईचा आवाज आला.

"प्रांजल? जेवलीस का गं?" आणि मग हलक्या, घाईच्या सुरात, "इकडं येऊ नकोस. तो सुटून आलाय. सोडायचा न्हाई तुला."

तो आवाज प्रांजलनंच मारितला पुरावा म्हणून दिला होता. आईनं शेजारच्या जुबेदाभाभीच्या फोनवरून पाठवलेला. धोका आहे हे घरातल्याच माणसानं सांगितलंय, याहून मोठा पुरावा कोणता असणार?

चष्मा निघाला तेव्हा फॉस पडद्याकडे बघत हनुवटी खाजवत होते.

*

या टोपीमागचं शास्त्र तसं साधं आहे. मेंदूत, कानाच्या थोडं आत, दोन्ही बाजूंना बदामाएवढी एकेक गाठ असते. तिला अमिग्डाला म्हणतात. धोक्याची चाहूल लागली की ती आधी पेटून उठते, विचार मागाहून येतो. पेशींमधून विजेचे बारीक प्रवाह धावतात आणि त्यांच्याभोवती अतिशय क्षीण चुंबकीय क्षेत्र तयार होतं. कुप्यांमध्ये रुबिडियमची वाफ भरलेली असते, आणि तिच्यातून सोडलेल्या लेसरच्या किरणात त्या क्षेत्रानं पडलेला फरक वाचता येतो. लढाईवरून परतलेल्या, अपघातातून वाचलेल्या माणसांवर उपचार करण्यासाठी कुणीतरी भल्या माणसांनी हे यंत्र बनवलं होतं. कुणाची भीती किती उतरली, हे त्यांना पाहायचं होतं.

ते आश्रय खात्यात पोहोचलं ते कायद्यातल्या दोन शब्दांमुळे. निर्वासित कोण, याची व्याख्या जगानं १९५१ साली ठरवली. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटात असणं किंवा राजकीय मत, यांपैकी एखाद्या कारणानं आपला छळ होईल अशी ज्या व्यक्तीला सकारण भीती आहे, जी आपल्या देशाबाहेर आहे आणि जिला त्या देशाचं संरक्षण मिळत नाही किंवा या भीतीपोटी घ्यावंसं वाटत नाही, ती निर्वासित. सकारण भीती. कारण बाहेरच्या जगात तपासता येतं. भीती मात्र माणसाच्या आत असते. कितीतरी वर्षं अधिकाऱ्यांनी ती चेहऱ्यावरून ओळखली. जो रडला त्याच्यावर विश्वास बसला, जो दगडासारखा बसला तो खोटा ठरला. हा अन्याय आहे असं सगळ्यांनाच वाटायचं. म्हणून टोपी आली तेव्हा तिचं स्वागत झालं. आता दगडासारख्या माणसालाही न्याय मिळणार होता.

प्रांजलच्या बाबतीत कारणाबद्दल वाद नव्हता. ती शाळेत विज्ञान शिकवायची, नीट बोलायची, कोर्टात तिनं सख्ख्या भावाविरुद्ध साक्ष दिली होती. दादाला आणि चुलत्याला शिक्षा झाली, अपिलात दादाला जामीन मिळाला, आणि त्यानंतर प्रांजलनं दोनदा शहर बदललं. दोन्ही वेळा त्यानं तिला शोधून काढलं. पोलिसांनी एक हवालदार दिला होता. तो रात्री आठला घरी जायचा. शेवटी शिक्षकांच्या एका प्रशिक्षणासाठी ती हाल्सविकला आली आणि परतलीच नाही. घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न करणाऱ्या बायका हा 'विशिष्ट सामाजिक गट' आहे, हेही फॉसनी पहिल्याच दिवशी मान्य केलं होतं.

"चौकात भीती आहे," फॉस आता म्हणाले आणि सामंतकाका त्यांच्या मागोमाग मराठीत सांगत गेले. "भरपूर आहे. पण ती घडून गेलेल्या गोष्टीची. कायदा पुढचं विचारतो. ज्याच्यापासून तुम्हाला धोका आहे तो माणूस या घरात राहतो, आणि या घराच्या दारात तुमची भीती खाली येते. स्टँडवर होती त्याच्याही खाली."

"आईचा आवाज आहे तो!" प्रांजल म्हणाली. "आई 'येऊ नकोस' म्हणतेय!"

"शब्द मी वाचले आहेत. मेंदूनं काय ऐकलं ते टोपी सांगते."

त्यांनी ते चिडून म्हटलं नाही. शास्त्र त्यांच्या बाजूनं होतं. आईचा आवाज कानावर पडला की लेकराच्या शरीरात ऑक्सिटोसिन हे मायेचं संप्रेरक पाझरतं आणि ती बदामाएवढी गाठ निवते. लेकरू चौतिशीचं असलं तरी.

"एक फेरचाचणी मागता येते," बाहेरच्या गार पॅसेजमध्ये मारित म्हणाली. "पण नवा पुरावा हवा. तोवर मी वाद घालेन. भीती म्हणजे थरथर नव्हे, पुढं काय होईल याचा अंदाज, असं मोठमोठ्या कायदेपंडितांनी लिहून ठेवलंय."

"मग तेच सांगा ना त्यांना."

मारितनं सामंतकाकांकडे पाहिलं. "खातं म्हणतं, तेव्हा मोजता येत नव्हतं म्हणून तसं लिहिलं."

*

जुबेदाभाभीचं शिलाईचं दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं. ब्लाउज टाकायच्या निमित्तानं आई तिथं यायची आणि पडद्याआड बसून फोन करायची. मागं मशीन खडखडत असायचं.

"काय म्हनले गं सायब?"

प्रांजलनं सांगितलं. टोपी, चौक, दार, सगळं.

"म्हंजे माझ्यामुळं नापास झालीस तू?"

"तुझ्यामुळं नाही गं. तुझा आवाज ऐकला की मला बरं वाटतं, म्हणून."

"अगं बाई! मग आता काय गाढवावानी वरडू काय तुझ्या मशिनीत?"

मागून जुबेदाभाभी हसली. "छायाभाभी, तुमी गायलात तरी घाबरंल की ती." मग तिघीही हसल्या. हसता हसता आईला ढास लागली आणि बराच वेळ थांबेना.

"खोकला कसला गं?"

"काय न्हाई. हवा बदललीया. इकडची काळजी करू नकोस, समदं बेस हाय." ती थोडी थांबली. "म्हंजे तुला भ्या वाटाय पायजे. माझं."

"तुझं नाही. घराचं."

"घर म्हंजे मीच की," आई म्हणाली. "परत कवा हाय परीक्षा?"

"परीक्षा नाही आई ती. आणि नवा पुरावा मिळाला तरच."

"हं," आई म्हणाली, आणि जुबेदाभाभीला बाहीचं माप सांगू लागली.

त्यानंतर आईचा फोन आला नाही. प्रांजलनं केला की जुबेदाभाभी म्हणायची, आली न्हवती आज. मग नुसतंच, कामात हाय, नंतर बोल. असे काही आठवडे गेले. निर्वासितांच्या वसतिगृहात प्रांजल तिघींबरोबर राहत होती. तिथल्या स्वयंपाकघरात टोपीचे किस्से चालायचे. एकानं चाचणीआधी रात्रभर भुताचे सिनेमे पाहिले आणि खुर्चीतच झोपी गेला म्हणे. सगळे हसायचे आणि मग आपापल्या खोलीत जायचे.

आणि एका दुपारी दादाच्या नंबरवरून निरोप आला.

आवाज आईचा होता. पण तो आवाज प्रांजलनं आयुष्यात कधी ऐकला नव्हता. सपाट, घोगरा, प्रत्येक शब्द ठेचून काढल्यासारखा.

"प्रांजल, आई बोलतीया. नीट ऐक. मला आता येकच लेकरू हाय. तुझ्यापायी माझ्या पोरानं तुरुंगाची भाकरी खाल्ली. तू कपाळ पांढरं करून घेतलंस आनि घराचंबी वाटोळं केलंस. तिकडचे सायब तुला हाकलून देतील, तवा ये. तो वाट बघतोय. दार मीच उघडीन. आनि मागनं कडीबी मीच घालीन."

शेवटी कुणीतरी खुसकन हसलं. तो दादा होता. ते हसू तिनं कुठंही ओळखलं असतं.

*

मारितच्या ऑफिसात सामंतकाकांनी तो निरोप वाक्यावाक्यानं तिच्या भाषेत सांगितला. कडीपाशी ते अडखळले. चष्मा काढून पुसला.

"हा नवा पुरावा आहे," मारित म्हणाली. "दारातला जुना आवाज काढून हा घालतील."

"ती खोटं बोलतेय," प्रांजल म्हणाली. "माझ्यासाठी. मीच तिला सांगितलं होतं ना."

मारित सामंतकाकांकडे न बघता, प्रांजलला समजेल अशा सावकाश शब्दांत बोलली. "तुम्हाला तसं वाटत असेल, तर टोपीला ते कळेल."

बाहेर पडल्यावर प्रांजल बंदराच्या कठड्यापाशी थांबली. सामंतकाका शेजारी येऊन उभे राहिले.

"काका, तुम्हाला काय वाटतं? खरं बोलली असेल?"

"मी काय सांगू गो चेडवा? आवाज ऐकून मीसुद्धा घाबरलो." त्यांनी मफलर गुंडाळला. "पण मी तुझ्या जागी असतो ना, तर खरंच धरून चाललो असतो."

त्या दिवसापासून प्रांजल आईविरुद्ध पुरावे गोळा करू लागली. ते फार लांब शोधावे लागले नाहीत. कोर्टात आई दादाच्या बाकामागं बसायची. तारखेला येताना त्याच्यासाठी डबा आणायची, चटणीसुद्धा न विसरता. सुमेधची आई शेजारून जाताना तिनं एकदाही मान वर केली नव्हती. सुमेध गेला त्या रात्री ती प्रांजलजवळ नव्हती, पोलीस ठाण्याच्या पायरीवर होती, मुलासाठी. या गोष्टी प्रांजलनं कितीतरी वर्षं आत कुठंतरी झाकून ठेवल्या होत्या. आता एकेक बाहेर काढून ती उजेडात मांडत गेली. रोज निरोप ऐकत गेली. हळूहळू त्यातला आवाज आईचा वाटेनासा झाला, आणि मग एके सकाळी तोच खरा आईचा आवाज वाटू लागला.

फेरचाचणीत गल्ली वळली, निळं दार आलं. "दार मीच उघडीन." प्रांजलच्या तोंडाला कोरड पडली, खुर्चीत बसल्या जागी ती मागं रेलू लागली. नर्सनं धावत येऊन तिचा खांदा धरला.

"अभिनंदन," फॉस म्हणाले. त्यांना खरंच आनंद झाला होता. त्यांनी तिच्यासाठी पाण्याचा ग्लास स्वतः आणला. मग नियम समजावले. कार्ड वर्षाचं असेल. वर्षानं पुष्टीची चाचणी, कारण भीती सरली की दर्जाही सरतो. पुष्टीत नवा पुरावा घेत नाहीत. ज्या भीतीवर कार्ड दिलं तीच उरली आहे का, एवढंच पाहतात. आणि मधल्या काळात एकदा जरी मायदेशी पाय ठेवला, तरी भीती नव्हतीच असं धरलं जाईल.

*

संध्याकाळी तिनं जुबेदाभाभीला फोन लावला. का लावला ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. आईला कळवायचं होतं की ओरडायचं होतं, हे तिचं ठरलं नव्हतं.

"पास झाले, भाभी."

पलीकडे मशीन थांबलं.

"झालीस? नक्की? समदं झालं न्हवं परीक्षेचं?"

"झालं."

"अल्ला." जुबेदाभाभीनं मोठा श्वास घेतला. "मग आता सांगते. बस खाली. बसलीस? छायाभाभी गेली गं. काल दहावं झालं. पोटात गाठ होती, लई पसरलेली. तुझा फोन आला तवाच डाक्टरनं सांगितलं होतं तिला. तिनं माझ्याकडनं कुरानची शपथ घेतली, म्हनली, लेकीची परीक्षा हाय, मधी काय झालं तर कळवायचं न्हाई. पेपर झाल्याबिगर न्हाई."

प्रांजल वसतिगृहाच्या जिन्यात बसली होती. दहावीच्या परीक्षेत आजोबा गेले तेव्हाही असंच झालं होतं. शेवटचा पेपर देऊन ती घरी आली, तर आजोबांच्या खाटेची गादी उन्हात घातलेली. आईनं तिला आधी जेवायला वाढलं होतं आणि मग सांगितलं होतं.

"भाभी, तो निरोप..."

"दुकानात बसून तालीम केली आमी. चार दिस. तिला शिव्याच येईनात नीट. मधीच हसायची, मधीच खोकायची. मग म्हनली, कडीचं घालू का नको? पोर लई घाबरंल. मीच म्हनलं, घाला." जुबेदाभाभीचा आवाज फाटला. "आनि मग घरी जाऊन विकीच्या, तुझ्या दादाच्या फोनवरनं बोलली, त्येच्या म्होरं. म्हंजे त्येलाबी खरं वाटावं, तुलाबी. तो खूश झाला, म्हनला, आता बोललीस आई. माझं चुकलं का गं? कडीचं?"

"नाही, भाभी," प्रांजल म्हणाली. "बरोबर घातलंत."

*

"हे तू मला सांगितलंच नाहीस," सगळं ऐकून झाल्यावर सामंतकाका म्हणाले. "आणि मी काय ऐकलं नाही. मारितला तर बिलकुल सांगू नको. आई गेली हे कागदावर आलं तर म्हणतील, धमकी देणारी गेली, आता कशाला घाबरता?"

"पण आता तर तिथं आईसुद्धा नाही. फक्त तोच आहे. आता खरी भीती आहे, काका."

"ती नवी भीती. त्यांना जुनी पाहिजे." ते खिडकीबाहेर पाहत राहिले. "नवा अर्ज करायचा तर या देशाबाहेर जाऊन करायचा. नियमच तसा आहे. म्हणून म्हणतो, विसर. समज तिनं मनापासून शिव्या दिल्या. वरिसभर तेवढंच समज."

प्रांजलनं प्रयत्न केला. दहाव्याला ती गेली नव्हती, तेराव्याला जाणं शक्य नव्हतं. इथं तिनं आईचा फोटो लावला नाही, दिवा लावला नाही. रडू येऊ लागलं की कोर्टातलं बाक आठवायची, डबा आठवायची. रोज निरोप लावायची आणि स्वतःला म्हणायची, हीच ती.

पण ती विज्ञानाची शिक्षिका होती आणि आपण काय करतो आहोत हे तिला कळत होतं. आठवण ही कपाटात ठेवलेल्या वस्तूसारखी नसते. ती बाहेर काढली की काही काळ मऊ पडते, आणि पुन्हा घट्ट होताना त्या वेळी मनात असेल ते आत ओढून घेते. पहिल्या खेपेला निरोप ऐकताना तिच्या मनात दादा होता, आणि आवाजात दहशत भरत गेली. आता ती निरोप लावायची तेव्हा पडदा ओढलेलं दुकान समोर यायचं. कडीचं घालावं का नको यावर बोलणाऱ्या दोघी. जितक्यांदा ती भीती टिकवायला जायची, तितक्यांदा भीती आणखी धुतली जायची. न ऐकावा, तर भीती आपोआप विरेल असं वाटायचं. ऐकावा, तर आई यायची.

वर्ष सरलं. तिनं अंबाडा सोडला. टोपी चढली. या वेळी नर्सनं पट्टे न विचारताच सैल ठेवले.

स्टँड. चौक. चौकात छाती धडधडली, पण ते मोजणीत नव्हतं. गल्ली वळली. निळं दार. प्रांजलनं दात आवळले, बाक आठवलं, डबा आठवला, पोलीस ठाण्याची पायरी आठवली.

"दार मीच उघडीन," आई म्हणाली.

आणि प्रांजलला तिची फार आठवण आली. तिच्या शरीरानं तिला विचारलं नाही. खांदे सैल झाले, श्वास लांबला, चष्म्याच्या आत डोळे भरून आले. "आनि मागनं कडीबी मीच घालीन." त्या दाराआड आई अजून होती, तेवढाच वेळ होती, आणि प्रांजलला तिथून हलावंसं वाटेना.

फॉसनी आलेख दोनदा तपासला. मारितनं हात उंचावून बोलायला सुरुवात केली: धोका तसाच आहे, भाऊ मोकळा आहे, कायद्याचा हेतू माणूस वाचवण्याचा आहे. फॉसनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ते प्रांजलकडे वळले.

"मला वाईट वाटतं," सामंतकाकांनी त्यांचं बोलणं सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की प्रांजलला पुढं झुकावं लागलं. "ते म्हणतात, वैद्यकीय भाषेत ही चांगली बातमी आहे. तुम्ही बऱ्या झालात."

"माझी आई गेली," प्रांजल म्हणाली. "तो निरोप नाटक होतं. म्हणून भीती वाटली नाही. भाऊ नाटक नाही."

सामंतकाकांनी ते सांगितलं. फॉसनी मान खाली घातली. मग हळू आवाजात एक वाक्य बोलले.

"काय म्हणाले?"

"म्हणतात, मग पहिल्यांदा कार्ड दिलं तेच चुकून दिलं गेलं." सामंतकाका थांबले. "आणि... परतीच्या नियमाप्रमाणे जवळच्या नातेवाईकाला कळवतात. विमानतळावर घ्यायला यावं म्हणून."

"कुणाला?"

ते चष्मा काढून हातात धरून बसले.

*

मुंबईला विमान पहाटे उतरलं. सोबत खात्याचा एक तरुण माणूस होता. वाटेत त्यानं तिला दोनदा चहा आणून दिला होता, खिडकीजवळची जागा दिली होती. शिक्के मारून झाले. दोघं बाहेरच्या फाटकापर्यंत आले. काचेचं दार सरकलं आणि दमट, गरम हवा अंगावर आली.

कठड्यापलीकडे गर्दी होती, हार घेतलेली माणसं, टॅक्सीवाले, पेंगुळलेली मुलं. त्या सगळ्यांच्या पुढं, कठड्याला टेकून, दादा उभा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट. केस थोडे पिकलेले. तिला पाहताच तो सरळ झाला आणि हसला.

"दमली असशील," तो म्हणाला. "गाडी आणलीया. चल."

प्रांजलचं तोंड कोरडं पडलं, कानांत रक्त ठोकू लागलं, बोटं गार झाली. आता दाराआड कुणी नव्हतं. उघडायला नव्हतं, अडवायला नव्हतं. आयुष्यात कधी वाटली नव्हती इतकी भीती तिच्या अंगभर पसरली. ती मागं वळली. काचेचं दार मिटलं होतं आणि सोबतचा तरुण त्याच्या आत उभा होता, आपलं काम नीट पार पडल्याच्या समाधानानं.

त्याच्या भाषेत भीतीला काय म्हणतात, हे तिला ठाऊक होतं. त्या शब्दानंच तिची दोन वर्षं खाल्ली होती. पण आता तो सापडेना.

"मला भीती वाटतेय," ती काचेला हात लावून मराठीत म्हणाली.

त्याला काही ऐकू आलं नाही. तो हसला, आणि निरोपाचा हात हलवला.